ओपन ऑफिस आणि टँकरचे रेट
काहीजण म्हणतात की ऑफिसातल्या केबिनच्या भिंती पाडून सगळ्यांना एकाच मोकळ्या हॉलमध्ये बसवलं (म्हणजे ओपन ऑफिस) की लोक बोलायला लागतात, टीमवर्क वाढतं वगैरे. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात तर उलटंच, शेजारचा माणूस पण चॅटवर पिंग करतो कारण तोंडाने बोललं की अख्ख्या रांगेला ऐकू जातं. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच मोजून दाखवलंय, दोन मोठ्या कंपन्यांत लोकांच्या अंगावर सेन्सर लावून. ओपन ऑफिस झाल्यावर समोरासमोरचं बोलणं जवळपास ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले!

आणि नुसत्या गोंगाटापेक्षा एका बाजूचं फोनवरचं बोलणं जास्त डोकं खातं, पलीकडचा काय म्हणाला असेल ते मेंदू आपोआप जुळवत बसतो. माझ्या मागचा एकजण (ठाण्यात घोडबंदरला राहतो बिचारा) संध्याकाळी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत असतो, मला आता टँकरचे रेट तोंडपाठ झालेत आणि समोरची एक्सेल शीट आहे तिथेच.

"सवय होते हो" म्हणणाऱ्यांसाठी, कॉर्नेल विद्यापीठाच्या २००० सालच्या प्रयोगात तीन तास ऑफिससारखा हलका आवाज ऐकवला, लोकांना ताण जाणवला नाही पण अ‍ॅड्रेनलिन वाढलेलं होतं आणि न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. म्हणजे सवय कसली डोंबलाची.

हॉट डेस्किंगचं (ठरलेली जागा नाही, रोज रिकामं मिळेल त्या टेबलवर बसायचं) तर बोलायलाच नको. एचआरने बीनबॅग आणलेत, कुणी बसत नाही. त्यापेक्षा पाठीमागे एक पार्टिशन द्या ना, स्क्रीनवर कोण डोकावतंय बघायला सारखी मान वळवावी लागते.