मदत हवी आहे: जुन्या घराच्या भिंतींना ओला गिलावा करावा की प्लास्टरबोर्ड चिकटवावेत? (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगमध्ये जुनं टेरेस घर घेतलंय. १९०० च्या आसपासचं बांधकाम, नऊ इंची भरीव विटांच्या भिंती, मधे पोकळी नाही. पुढच्या खोलीचा वॉलपेपर ओढला तर त्याच्याबरोबर चुन्याचा गिलावाही पोपडे धरून खाली आला. उरलेल्यावर टिचकी मारली की पोकळ वाजतो, त्यामुळे सगळाच उतरवावा लागणार असं दिसतंय.

दोन प्लास्टरर बघून गेले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. पहिला तरुण आहे. त्याचं म्हणणं, विटांवर ॲढेसिव्हचे गोळे थापायचे, साडेबारा मिमीचा बोर्ड दाबून बसवायचा आणि वरून स्किमचा (जिप्समच्या गुळगुळीत थराचा) पातळ हात द्यायचा. इथे याला 'डॉट अँड डॅब' म्हणतात. दोन-तीन दिवसांत मोकळा होतो म्हणाला. दुसरे गृहस्थ साठीच्या पुढचे. ते म्हणतात वाळू-सिमेंटचाच गिलावा करा, वरून स्किम. दर जवळपास दीडपट, शिवाय वाळायला वेळ. तरुणाच्या मते "आता तसं कोणी करत नाही" आणि म्हाताऱ्याच्या मते बोर्ड म्हणजे पुठ्ठा. मी पडलो आयटीवाला, कोणाचं खरं मानू?

अजून दोन गोष्टी. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्हाला फुकटात ऐकू येतात आणि त्याच भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ लावायचंय. रस्त्याकडच्या भिंतीला खिडकीखाली गुडघाभर उंचीपर्यंत ओल आहे, विटांना पांढरा लोणा लागलाय. तरुण म्हणाला, "बोर्ड लावला की दिसणार नाही." तिथेच मनात शंकेची पाल चुकचुकली.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – दरजा

दिसणार नाही हे खरंच आहे, काही महिने तरी. बोर्ड आणि ॲढेसिव्ह दोन्ही जिप्समचे. ओल्या विटेवर थापलेला प्रत्येक गोळा ओल पुढे आणतो आणि मग भिंतीवर ठरावीक अंतरावर गोल डाग उमटतात. रंगाचे कितीही हात दिले तरी ते पुन्हा येतात, कारण विटांवरच्या त्या पांढऱ्या लोणातले क्षार हवेतलीही आर्द्रता ओढून घेतात.

पण म्हणून त्या भिंतीला वाळू-सिमेंट करा असंही मी म्हणणार नाही. जुन्या मऊ विटा आणि चुन्याच्या दरजा असलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. आतून सिमेंटचा कडक थर बसला की ओलीला आतल्या बाजूने वाट उरत नाही, मग ती वर चढते किंवा लाकडी जमिनीच्या तुळयांच्या टोकांत मुरते. या एका भिंतीला चुन्याचाच गिलावा करा. वेळ लागतो: साधारण मिमीला एक दिवस धरा, आणि प्रत्येक थर पुरता धरेपर्यंत पुढचा चढवायचा नाही.

त्याआधी घराबाहेर जाऊन बघा. पन्हळ गळते का, जमिनीलगतच्या हवेच्या जाळ्या बुजल्यात का, अंगणाची पातळी कुठे आहे. त्या काळच्या घरांत डीपीसी (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेला थर) बहुधा स्लेटच्या पाट्यांची असते. बाहेरची जमीन तिच्यापेक्षा किमान १५० मिमी खाली हवी. दोघांपैकी एकाने तरी बाहेर चक्कर मारली का?

प्रतिसाद – मिल्टन कीन्सकर

आमचं घर नवं, सगळीकडे बोर्डच. पुठ्ठा वगैरे काही नाही, नीट बसवला तर उत्तम चालतो. भिंत ओळंब्यात नसेल तर बोर्डाने ती झटकन सरळ होते, आणि तुमच्या वयाच्या घरात एकही भिंत ओळंब्यात नसणार!

पण 'नीट' म्हणजे काय ते सांगतो. हिवाळ्यात आमच्या एका खोलीत सॉकेटच्या भोकातून गार हवा यायची, कागदाचा कपटा धरला तर हलायचा. सॉकेट उघडून आत बघितलं तर नुसते गोळे. बोर्डाच्या चारी कडांना, खिडकी आणि सॉकेटभोवती ॲढेसिव्हची सलग पट्टी हवी, ती गाळली होती. मग बाहेरची हवा कुठूनतरी शिरते आणि बोर्डामागे घरभर फिरते. कामगार बोर्ड उचलायच्या आत ही पट्टी डोळ्यांनी बघून घ्या, नंतर काही कळत नाही. ॲढेसिव्ह धरल्यावर प्रत्येक बोर्डाला विटेत जाणारे दोन फिक्सिंगही मारायला सांगा. आगीत चिकटलेला बोर्ड सुटून अंगावर येऊ नये म्हणून ते असतात.

शेल्फचं म्हणाल तर बोर्डामागे सेंटीमीटरभर पोकळी असते. साधा प्लग लावून स्क्रू आवळला की बोर्ड आत दबतो. पोकळी ओलांडून विटेत घट्ट बसणारं लांब फिक्सिंग घ्यावं लागतं.

प्रतिसाद – नीरू फिनिश

पुण्यात बांधकामातच आयुष्य गेलं, सध्या मुलीकडे लेस्टरला मुक्काम.

सामाईक भिंतीला डोळे मिटून ओला गिलावा करा. विटांच्या दरजांत बारीक भोकं असतात, आवाज त्यांतून येतो. गिलाव्याने ती बुजतात, भिंतीचं वजनही थोडं वाढतं. चिकटवलेला बोर्ड म्हणजे मागे पोकळी ठेवून ताणलेलं ढोलकीचं पान, काही स्वरपट्ट्यांतला आवाज उलट वाढतो. पुस्तकांचं वजनही थेट विटेवर जाईल. मिश्रण फार कडक नको, १:१:६ (सिमेंट, चुना, वाळू) पुरे. भिंतीला आधी पाणी मारायला लावा, नाहीतर जुनी वीट गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते आणि तडे जातात.

अवांतर: आपल्याकडे सिमेंटच्या गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारतात, ती सवय इथे जिप्समच्या स्किमवर चालवू नका. माझा हात शिवशिवतो, मुलगी ओरडते.

प्रतिसाद – दरजा

एक राहिलं. इंग्लंडमध्ये बाहेरच्या भिंतीचा निम्म्याहून जास्त गिलावा उतरवून नवा करायचा तर उष्णतारोधनाचा नियम लागू होऊ शकतो. काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी विचारा. ओलीचं कारण आणि चुन्याचा गिलावा त्यांना सांगा. भरीव भिंतीला आतून रोधन केल्याने ओल अडकणार असेल तर तेही ते विचारात घेतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बाहेर जाऊन टेप लावली. आधीच्या मालकाने पुढच्या अंगणात फरशी घातलीय, ती थेट स्लेटच्या थरापर्यंत आलीय आणि हवेची एक जाळी निम्मी तिच्याखाली गेलीय. दोघांपैकी कोणीही हे बघितलं नव्हतं.

आता ठरवलंय ते असं: फरशी उखडून पातळी खाली घ्यायची आणि रस्त्याकडची भिंत उघडीच ठेवून वाळू द्यायची. बायकोला उन्हाळाभर उघड्या विटांसमोर बसावं लागणार, तिची परवानगी काढलीय. सामाईक भिंत म्हाताऱ्याकडे. मागची आतली भिंत कोरडी आहे, ती तरुणाला बोर्ड लावायला देतो, सलग पट्टीची अट घालून. जुना गिलावा इंचभर जाड होता, त्यामुळे बोर्ड, ॲढेसिव्ह आणि स्किम धरूनही दाराची चौकट जवळपास जुन्याच रेषेत येते.

रेडिंगच्या आसपास चुन्याचं काम करणारा कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.