शब्दचर्चा : गटप्रमुख, बूथप्रमुख, पन्नाप्रमुख, बीएलए

नवखा : पक्षाच्या युवा शाखेत काम सुरू करायचं आहे. गटप्रमुख, बूथप्रमुख, पन्नाप्रमुख ही एकाच कामाची नावं आहेत का? आणि बीएलए (बूथ लेव्हल एजंट) म्हणजे यांच्यातलाच कोणी?

पारकट्टा : 'पन्ना' हिंदीतून आला, भाजपच्या रचनेबरोबर. 'पानप्रमुख' काही रुजला नाही, विड्याचं पान आडवं आलं असावं! मतदारयादीच्या एका पानावर साधारण ३० नावं असतात, पन्नाप्रमुखाकडे तेवढीच. बूथप्रमुखाकडे मतदान केंद्राची अख्खी यादी आणि काही बूथ मिळून एक शक्तिकेंद्र. शिवसेनेत यादी सांभाळतो तो गटप्रमुख, त्याच्या वर उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख. युवासेनेत (स्थापना २०१०) मात्र पद 'शाखा युवा अधिकारी'. बाहेरच्याला तो सरकारी माणूस वाटतो.

आणि 'शाखा' जपून वापरा. संघाची शाखा भरते, सेनेची उघडते. एक मैदानावरची, दुसरी फलक लावलेली खोली.

यादीवाला : वरची सगळी पदं पक्षाची, लेटरहेडवर मिळणारी. बीएलए मात्र निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेतला. मान्यताप्राप्त पक्षाचा अधिकृत प्रतिनिधी त्याला ठरावीक नमुन्यात नेमतो, आणि तो शक्यतो त्याच यादीभागाचा, म्हणजे त्याच मतदान केंद्राच्या यादीतला, मतदार लागतो. शेजारच्या वॉर्डातला हुशार पोरगा २०२५पर्यंत इथे चालत नसे; आता त्या भागातला कोणी मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला मतदार चालतो. एरवी बीएलए बीएलओकडे (यादीचं काम बघणारा सरकारी बूथ लेव्हल ऑफिसर) दिवसाला मतदार नोंदणीचे १० पर्यंत अर्ज देऊ शकतो.

नवे कार्यकर्ते अडकतात ते अर्जाच्या क्रमांकात. ६ नंबर फक्त पहिल्यांदा नाव घालण्यासाठी. घर बदललं, मतदारसंघ बदलला तरी २०२२पासून ८ नंबरच. तिथे ६ भरला की दोन ठिकाणी नाव लागतं आणि पुढे ७ नंबरची, म्हणजे नाव कमी करण्याची, कटकट. १८ पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षात चारदा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. कॉलेजच्या दारात नोंदणीचं टेबल लावताना हे पाठ हवं.

नवखा : म्हणजे नियुक्तीपत्र हातात आलं की बूथवर बसता येईल?

पारकट्टा : 'बूथवर बसणे' म्हणजे बाहेर टेबल टाकून स्लिपा देणे. मतदानाच्या खोलीतल्या पक्षाच्या माणसाला, म्हणजे पोलिंग एजंटला, 'आत बसणारा' म्हणतात.

यादीवाला : आणि आत बसायला पक्षाचं पत्र चालत नाही. विधानसभा-लोकसभेला १० नंबरचा नमुना लागतो, त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही. शाखाप्रमुखाची सही घेऊन आलेला पहाटे दारातूनच परततो. अभिरूप मतदान (यंत्र तपासायचं चाचणी मतदान) प्रत्यक्ष मतदानाच्या ९० मिनिटं आधी; एजंट नसले तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबून पुढे जातात. संध्याकाळी १७सीची (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याची) सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. मोजणीच्या टेबलावर यंत्रातला एकूण मतांचा आकडा तिच्याशीच ताडतात.