केंद्राची वेबसाइट नव्याने करायचीये, ड्रुपल, वर्डप्रेस की अजून काही?

टेबलाखालची_वायर

नमस्कार मंडळी. आमच्या संशोधन केंद्राची वेबसाइट ड्रुपल ७ या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. कधीकाळी पीएचडी करणाऱ्या एका मुलाने करून दिली होती, तो गेला आणि साइट होती तशी राहिली. ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला हे वरच्या लोकांना आत्ता कळलंय, तेही सिक्युरिटी ऑडिटमध्ये लाल शेरा आल्यावर, आणि आता सगळ्यांना एकदम घाई झालीये. काम माझ्या गळ्यात पडलंय कारण ऑफिसात एक्सेल मला बरं येतं, एवढीच माझी पात्रता.

साइटवर काय काय आहे तर माणसांची पानं (त्यातले बरेच जण कधीच सोडून गेलेत), प्रकल्प, सेमिनारच्या नोटिसा, आणि प्रकाशनांची यादी, जी हजाराच्या पुढे गेलीये आणि एकाच लांबलचक पानावर हाताने टाइप केलीये, कुठे वर्ष आधी कुठे नाव आधी. शिवाय ढीगभर पीडीएफ रिपोर्ट, ज्यांच्या लिंका लोकांनी आपापल्या पेपरांत छापल्यात.

डेव्हलपर कुणी नाही. मी आहे आणि येऊनजाऊन असणारे विद्यार्थी. डायरेक्टर म्हणतात वर्डप्रेस घ्या, सगळे तेच वापरतात. एक सर म्हणतात ड्रुपलच ठेवा, नुसतं अपग्रेड मारा. एक विद्यार्थिनी ह्यूगो ह्यूगो करतेय (साध्या मजकुराच्या फाइलींतून तयार पानं बनवणारं टूल). काय करू सांगा.

नोड_४०४

"नुसतं अपग्रेड मारा" म्हणणाऱ्या सरांना आधी खाली बसवा. ड्रुपल ७ वरून १० किंवा ११ वर जाणं म्हणजे अपग्रेड नसतंच, ८ पासून आतला सगळा सांगाडाच सिम्फनी नावाच्या फ्रेमवर्कवर नव्याने बांधलाय, तुमची जुनी थीम चालणार नाही, जुनी मोड्यूल (वरून जोडलेले सुटे भाग) चालणार नाहीत, नवी साइट उभी करायची आणि त्यात जुना मजकूर मायग्रेट करायचा असा प्रकार आहे. म्हणजे कष्ट कुठेही गेलात तरी जवळपास तेवढेच, त्यामुळे "आधीपासून ड्रुपल आहे" हे ड्रुपल ठेवायचं कारण होऊ शकत नाही. मी स्वतः ड्रुपलवाला असून सांगतोय.

पण दुसरं कारण आहे. संशोधन केंद्राची साइट म्हणजे माणूस, पेपर, प्रकल्प यांची एकमेकांत गुंतवळ असते. एका पेपरला चार लेखक, त्यातले दोन तुमचे, तो पेपर अमुक प्रकल्पातून आलेला. ड्रुपलमध्ये प्रत्येकाचा कंटेंट टाइप (मजकुराचा साचा) बनवायचा, ते एंटिटी रेफरन्सने एकमेकांना जोडायचे, व्ह्यूज (याद्या बनवायची सोय) लावायचं, की माणसाच्या पानावर त्याचे पेपर आणि प्रकल्पाच्या पानावर त्याची माणसं आपोआप येतात, आणि हे सगळं कोअरमध्ये, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे, वरून प्लगिन (जोड-प्रोग्राम) बसवायला नको. दोन भाषांत साइट हवी असेल तर तेही कोअरमध्येच.

आता वाईट बाजू. कंपोझर (सॉफ्टवेअरचे भाग बसवायचं, अपडेट करायचं टूल) शिकलेला कुणीतरी लागतो आणि सिक्युरिटी अपडेट आला की लावायलाच लागतो. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एसक्यूएल इंजेक्शनचं भोक (बाहेरच्याला डेटाबेसमध्ये घुसू देणारं) जाहीर झालं, तेव्हा सिक्युरिटी टीमने नंतर स्पष्ट सांगितलं होतं की ७ तासांच्या आत पॅच लावला नसेल तर साइट फुटली असंच धरून चाला. ७ तास! तुमच्याकडे असं कोण आहे जे बुधवारी रात्री उठून पॅच लावेल? (ड्रुपलचे सिक्युरिटी अपडेट बुधवारी येतात.) कुणी नसेल तर मॅनेज्ड होस्टिंगवाला (सर्व्हर, अपडेट तोच सांभाळतो) बघा नाहीतर ड्रुपलचा नाद सोडा.

रिकामा_कंस

डायरेक्टरांचं बरोबर आहे, फक्त कारण चुकलंय. वर्डप्रेस सगळे वापरतात म्हणून घ्यायचं नाही, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर सेमिनारची नोटीस तिसरा कुणीही टाकू शकेल म्हणून घ्यायचं. माणूस सहज मिळतो, शिकवायला फार वेळ लागत नाही.

फक्त एक करा, प्रकाशनं आणि माणसं साध्या "पेज"मध्ये टाकू नका. त्यांचे कस्टम पोस्ट टाइप (आपल्या गरजेचे वेगळे साचे) बनवून घ्या, वर्ष, लेखक, जर्नल, डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) असे वेगळे वेगळे रकाने. हे न करता नुसती सुंदर थीम लावून दिली की झालं, पुन्हा तेच हाताने टाइप केलेलं लांबलचक पान, फक्त फॉन्ट नवा. वेंडर हेच करतो बहुतेक वेळा कारण डेमोत थीम दिसते, रकाने दिसत नाहीत.

आणि प्लगिन मोजूनमापून. रकाने करायला जे प्लगिन सर्रास वापरतात, एसीएफ, त्याचंच उदाहरण घ्या, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, एसीएफच्या मालक कंपनीशी भांडण चालू असताना, वर्डप्रेस डॉट ऑर्गने (वर्डप्रेसची मुख्य साइट) आपल्या प्लगिन डिरेक्टरीतलं एसीएफचं पान स्वतःच्या ताब्यात घेऊन नाव बदलून टाकलं, सिक्युअर कस्टम फील्ड्स. डेटा कुणाचा गेला नाही पण आपली साइट दुसऱ्यांच्या भांडणावर उभी आहे हे लोकांना त्या दिवशी कळलं. पेज बिल्डर (पानं ओढून-ठेवून मांडायचं प्लगिन) तर नकोच नको, काढलं की पानभर शॉर्टकोडचा (त्याच्या कंसातल्या खुणांचा) कचरा उरतो.

साधंसरळ

विद्यार्थिनीचं कुणी ऐकत नाहीये म्हणून लिहितो. ह्यूगोमध्ये डेटाबेस नाही, लॉगिन नाही, सर्व्हरवर नुसत्या एचटीएमएल फाइली, त्यामुळे वरती ७ तासांची जी गोष्ट सांगितली ती इथे लागूच होत नाही. साइट वर्षभर कुणी बघितली नाही तरी काही बिघडत नाही. कमी माणसांच्या जागी हे फार मोठं आहे हो, लोक हसण्यावारी नेतात.

अडचण एकच पण खरी: टेबलाखालची_वायर यांना मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) आणि गिट (फाइलींतले बदल सांभाळायचं टूल) झेपेल का? डीकॅपसारखं एडिटर वरून बसवता येतं, पण ते बसवणारी विद्यार्थिनी पास होऊन गेली की परत येरे माझ्या मागल्या, पीएचडीच्या मुलाची साइट भाग दोन. ती केंद्रात किती दिवस आहे ते आधी विचारा.

ग्रंथपालबाई

अहो तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवरून भांडताय, पण हजार प्रकाशनं वेबसाइटच्या आत ठेवायचीच कशाला?

प्रकाशनांचा डेटा वेबसाइटपेक्षा जास्त जगतो. तो झोटेरोच्या (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) ग्रुप लायब्ररीत घाला, फुकट आहे, डीओआय टाकला की लेखक, वर्ष, जर्नल स्वतःच भरून येतं. ज्यांना डीओआय नाही ते जुने रिपोर्ट तेवढे हाताने. मग वेबसाइट कुठलीही असो, ती झोटेरोच्या एपीआयमधून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून डेटा घ्यायची सोय) यादी ओढून घेते, नाहीतर बिबटेक (संदर्भांच्या यादीची फाइल) काढून ह्यूगोला द्या. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बदललं तरी यादी जागच्या जागी. सध्याच्या लोकांना ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) काढायला लावा म्हणजे एकसारख्या नावांचा घोळ होणार नाही.

पीडीएफ रिपोर्टांचं म्हणाल तर संस्थेच्या लायब्ररीकडे डीस्पेस किंवा ईप्रिंट्स (पेपर, रिपोर्ट जपून ठेवायची सॉफ्टवेअर) आहे का ते विचारा, असतं बऱ्याचदा आणि केंद्रवाल्यांना पत्ताच नसतो. नसेल तर निदान प्रत्येक रिपोर्टला स्वतःचं पान द्या, गोषवारा दिसेल असं, आणि त्या पानात सायटेशन टायटल, सायटेशन ऑथर वगैरे मेटा टॅग (पानावर न दिसणाऱ्या खुणा). गूगल स्कॉलर (गूगलचं संशोधनपर लेखांचं सर्च इंजिन) ते वाचतं. सगळे पेपर एकाच पानावर रांगेत लावले तर स्कॉलरला त्यातलं धड काही उचलता येत नाही, आणि पीडीएफ ५ एमबीच्या वर असेल तर तीही त्यांना चालत नाही. स्कॅन केलेले जुने रिपोर्ट हमखास त्याच्या वर असतात, ते आधी बारीक करा.

टेबलाखालची_वायर

बाप रे, एवढं सगळं. ग्रंथपालबाई, लायब्ररीत विचारलं, डीस्पेस आहे! आमच्या मजल्यावर कुणालाही माहीत नव्हतं. रिपोर्ट तिकडे टाकायला ते तयार आहेत. झोटेरो सुरू केलंय, विद्यार्थिनीला त्यावर बसवलंय, तशी ती पुढच्या वर्षी जाणार आहे त्यामुळे ह्यूगो बाद, तिला वाईट वाटलं थोडं.

म्हणजे आता साइटवर राहिलं काय तर माणसं, प्रकल्प, नोटिसा. एवढ्यासाठी ड्रुपल फार जड होईल ना? आणि बॅकड्रॉप नावाचं काही दिसलं, त्याचं काय?

नोड_४०४

बॅकड्रॉप म्हणजे ड्रुपल ७ मधूनच फुटून निघालेला फाटा, २०१५ ला पहिलं व्हर्जन आलं, ७ वरून त्यावर खरंच अपग्रेडने जाता येतं. साइट आहे तशीच हवी असती तर तेच सांगितलं असतं. पण तुम्हाला तसाही अर्धा माल बाहेर काढायचाय, आणि बॅकड्रॉप येणारी माणसं मोजकीच. प्रकाशनं झोटेरोत गेली म्हणजे माझा गुंतवळीचा मुद्दाच निकालात निघाला. वर्डप्रेस घ्या, दोन कस्टम पोस्ट टाइप, संपलं. हे मी लिहिलंय असं कुणाला सांगू नका.

रिकामा_कंस

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय :)

वेंडरशी बोलताना एवढं लेखी घ्या, की डोमेन केंद्राच्या नावावर, अॅडमिन अकाउंट तुमच्याकडे, थीमचा कोड तुमच्या रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत), आणि बॅकअप परत लावून दाखवायचा, नुसता घेतो म्हणायचं नाही. होमपेजचं डिझाइन सगळ्यात शेवटी दाखवा म्हणावं, नाहीतर डायरेक्टर सरकत्या फोटोंवरच अडकून बसतील.

टेबलाखालची_वायर

फोटोंवर ऑलरेडी अडकलेत. शेवटचं एकच, लोकांनी पेपरांत छापलेल्या जुन्या लिंकांचं काय? शेकड्याने आहेत, सगळ्यांना रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर पाठवायचे नियम) लिहीत बसू का?

नोड_४०४

पानांना लिहावे लागतील, ३०१ वाले, म्हणजे पत्ता कायमचा बदललाय असं सांगणारे. लक्षात ठेवा ड्रुपलमध्ये एकाच पानाचे दोन पत्ते असतात, एक नोड/४८२ असा आणि एक वाचता येण्याजोगा, दोन्ही धरा. यादी सर्व्हरच्या लॉगमधून काढा, खरोखर कोण कुठे येतंय ते तिथेच दिसतं.

पीडीएफना मात्र काही लिहू नका. त्या सगळ्या साइट्स/डिफॉल्ट/फाइल्स या फोल्डरात असणार. ते फोल्डर आहे त्याच नावाने, त्याच रस्त्याने नव्या सर्व्हरवर नेऊन ठेवा. त्या जागी खरी फाइल असेल तर वर्डप्रेसचे नेहमीचे रीराइट नियम (आलेला पत्ता वर्डप्रेसकडे वळवणारे) मध्ये पडत नाहीत, सर्व्हर थेट फाइलच देतो. डीस्पेसमध्ये प्रती गेल्या तरी हे फोल्डर उडवू नका, आणि वेंडरला आजच सांगून ठेवा, कारण नव्या साइटमध्ये ड्रुपलचं फोल्डर दिसलं की तो पहिल्या साफसफाईत तेच डिलीट करणार.