सार्वमतात पक्ष उतरतात कशासाठी? (गोवा १९६७)

मांडवीकाठ
विषय लोकांचा, मग पक्षांनी मध्ये पडू नये, हा भाबडेपणा झाला. पक्ष उतरतो तो पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल बघा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष ३४,०२१ मतांनी पडला. आणि मार्चमध्ये विधानसभेच्या ३० पैकी १६ जागा त्याच मगोला! जानेवारीत वाड्यावाड्यावर केलेली बांधणी मार्चमध्ये वापरली.

साष्टीकार
बांधणी कसली, त्यांना पर्यायच नव्हता. पक्षाच्या नावातच ‘महाराष्ट्रवादी’. गप्प बसले असते तर दुकानच बंद. शिवाय सत्तेवर डोळा असता तर मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाआधी राजीनामा दिला असता का?

मांडवीकाठ
स्वखुशीने नाही दिला हो. मगोच्या सरकारखाली कौल नि:पक्ष होणार नाही, ही विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी होती आणि केंद्राने ती मानली.

बूथवरून
दोघेही मुद्द्याची गोष्ट सोडताय. सार्वमतात उमेदवार नसतो. म्हणजे ‘आपल्या गावचा माणूस’ म्हणून पडणारं मत नाही, जिंकून यायचं म्हणून स्वतःच्या खिशातून गाड्या लावणाराही कोणी नाही. त्यात चिन्हं वेगळी: विलीनीकरणाला फूल, वेगळा केंद्रशासित संघप्रदेश राहण्याला दोन पानं. मगोच्या सिंहावर शिक्का मारायची सवय झालेल्या मतदाराला ‘या खेपेला फूल’ हे घरोघर जाऊन शिकवावं लागतं. मतदार यादी घेऊन फिरणारी माणसं पक्षाशिवाय आणणार कुठून?

साष्टीकार
शिकवलं ना? तरी फूल हरलं. मार्चमध्ये सिंहाला मत देणाऱ्यांतल्या काहींनी जानेवारीत दोन पानं निवडली असणार. ‘राष्ट्रमत’ दैनिकाने विलीनीकरणाच्या विरोधातला प्रचार चक्क मराठीतून केला, तो थेट मगोच्या वाचकाच्या ओट्यावर पोचला. कुळांसाठी, शाळांसाठी भाऊ हवेत, पण राज्यकारभार मुंबईहून नको, असा सरळ हिशोब.

मांडवीकाठ
मग हे माझ्याच बाजूचं झालं. कौल जिंकूनही युनायटेड गोवन्स १२ जागांवरच अडकले. स्कॉटलंडमध्येही तेच. २०१४च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात हरलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने (एसएनपी) पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या तिथल्या ५९पैकी ५६ जागा नेल्या. हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून जिंकलेला मजूर पक्ष मात्र ४१वरून १वर.

बूथवरून
स्कॉटलंडची तुलना अर्धीच बसते. तिथे स्वातंत्र्याचा विषय पुढेही जिवंत राहिला, म्हणून हरलेले मतदार एसएनपीमागे एकवटले. इथे विलीनीकरण कौलाबरोबरच संपलं. मगो टिकला तो कसेल त्याची जमीन या भाषेवर. फुलाच्या प्रचाराचं श्रेय त्याला कशाला देता?