भागाकाराचे चिन्ह न वापरता भागाकार कसा करावा?

वाशीची विद्यार्थिनी : सी भाषेत भागाकाराचे चिन्ह न वापरता भागाकार करणारे फंक्शन लिहायचे आहे. भाज्यातून भाजक पुन्हा पुन्हा वजा केल्यास उत्तर बरोबर येते, परंतु २१४७४८३६४७ ला १ ने भागताना प्रोग्राम फारच रेंगाळतो.

ऐरोलीकर : रेंगाळणारच, २१४ कोटींहून अधिक वजाबाक्या होत आहेत. भाजक डावीकडे शिफ्ट करून (त्याचे बिट, म्हणजे द्विमान अंक, एक घर डावीकडे सरकवून) दुप्पट करत जा आणि भाज्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पटीपासून वजा करत खाली या. ४३ भागिले ३ घ्या : २४ (३ ची ८ पट) वजा केल्यास भागाकारात ८ जमा होतात, उरलेल्या १९ मधून १२ गेले की ४, मग ६ गेले की २; भागाकार १४, बाकी १.

ठाणे पूर्व : पद्धत योग्य आहे, पण खरी मेख ऋण संख्यांत आहे. ३२ बिटांच्या इंटमध्ये (सीच्या पूर्णांक प्रकारात) −२१४७४८३६४८ मावते, तिची धन जोडी मात्र मावत नाही; म्हणून चिन्ह आधी नोंदवून पुढचे गणित अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या) प्रकारात करावे. याच संख्येला −१ ने भागल्यास उत्तर इंटमध्ये बसतच नाही, तेव्हा ती स्थिती, आणि अर्थातच शून्य भाजक, सुरुवातीलाच तपासावा.

वाशीची विद्यार्थिनी : −७ भागिले २ चे उत्तर −३ धरावे की −४?

ठाणे पूर्व : सीमध्ये −३, कारण अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटला जातो. पायथॉनचा पूर्णांकी भागाकार −४ देतो, त्यामुळे उत्तरे तिथे पडताळू नयेत.