दोष आधी मोजायचे की संकटातला शांतपणा?

नौपाडाकर: ठाण्यातल्या आमच्या अभ्यासमंडळात रविवारी चर्चा आहे. अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे दोष आणि दबावाखालचा शांतपणा यांत जास्त वजन कशाला द्यायचं? मुद्दे सुचवा.

नेरूळ_पूर्व: चेहरा सोडा, निर्णयांचा क्रम बघा. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ही बडी अमेरिकी बँक बुडाली. त्याच दिवशी ओबामांविरुद्धचे उमेदवार मॅकेन म्हणाले, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. 24 ला प्रचार थांबवून वादसभा पुढे ढकला म्हणाले, आणि 26 ला त्याच वादसभेला हजर! ओबामांचा अनुभव तोकडा, हा दोष खराच. पण त्या दिवसांत ते डगमगले नाहीत.

कोपरी_पूल: सगळे दोष एकाच पारड्यात टाकू नका. अध्यक्ष केनेडींनी स्वतःचा ॲडिसनचा (संप्रेरकांचा) आजार लपवला, तरी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात 27 ऑक्टोबर 1962 ला तिथे अमेरिकेचं यू-2 हेरविमान पाडलं गेल्यावर त्यांनी लगेच प्रतिहल्ला केला नाही. मात्र लपवाछपवी शांतपणाने भरून निघते असं मला वाटत नाही. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याचा सोव्हिएत संघाशी झालेला सौदाही गुप्तच ठेवला होता.

नेरूळ_पूर्व: हे पटलं. मग प्रत्येक दोषाला एकच प्रश्न लावा: ऐन संकटात तो निर्णय बिघडवेल का? सल्ला न ऐकणं, हो. भाषणात अडखळणं, नाही. आणि 1960 ची निक्सन-केनेडी वादसभा टाळा, चर्चा टीव्हीवर दिसलेल्या निक्सनच्या घामावरच अडकते.