रॅम नको, आधी कॉलम बघा

रांगा दोनच हजार, तरी नव्वद कॉलमचं टेबल अडकतं, म्हणून रॅम वाढवू का असं एकाने विचारलंय. थांबा, पैसे वाचवा. डब्ल्यूपीएफ (विंडोज अ‍ॅपचे पडदे बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरत असाल, तर त्याच्या डेटाग्रिड या तयार टेबलात रांगांचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे दिसतं तेवढंच तयार करणं, आपोआप चालू असतं, कॉलमांचं मात्र बंद. पडद्यावर आठच कॉलम दिसत असले तरी प्रत्येक दिसणाऱ्या रांगेचे सगळे सेल तयार होतात. ३० रांगा दिसत असतील तर २,७०० सेल!

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी मी असंच टेबल केलं होतं. प्लॉट, ब्रिक्स (द्राक्षातल्या साखरेचं माप), मण्यांचा आकार, पेटीचं वजन, सगळं एकाच ओळीत. सुपरवायझर स्क्रोलबार ओढून चहाचा घोट घ्यायचे, तेव्हा कुठे टेबल हलायचं. कॉलम व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, फरक शून्य. दोन दिवसांनी सापडलं: ग्रिडला बाहेरून आडवा-उभा स्क्रोलव्ह्यूअर (आतला मजकूर सरकवून दाखवणारी चौकट) मीच गुंडाळला होता. त्याच्या आत उंची-रुंदीला मर्यादाच नाही, म्हणजे ग्रिडच्या लेखी सगळंच दिसतंय. तो काढला आणि गाडी पळाली.

आणि हो, कॉलमची रुंदी ऑटो ठेवू नका, आकडा द्या. नाहीतर स्क्रोल करताना मोजमाप परत परत होतं, कॉलम उड्या मारतात ते वेगळंच.